उजव्या कोपऱ्यातली सही

७ जानेवारी २००६, शनिवार

एम. ए.ला शिकवणाऱ्या दातारबाईंचा फोन. तीन वर्षांनी. कशा आहात, काय चाललंय, काही नाही. "राऊत, तुम्हाला टायपिंग येतं ना? कंपनीत तेच करता ना?" म्हटलं, टेस्टिंग करते, टायपिंग नाही. "दोन्हीला बोटंच लागतात. दुपारी या."

खराडीहून नळस्टॉप, दोन बस, दीड तास. बाई दारातच उभ्या. डोळ्यांचे पडदे खराब झालेत, मधोमध काही दिसत नाही, फक्त कडा दिसतात. मला म्हणाल्या, "तुमचे कान ओळखले." हसू की नको ते कळेना.

जर्मनीतल्या एका संपादकाने त्यांचा लेख मागवलाय. १५ फेब्रुवारीच्या आत. बाहेर छापून येणारा पहिलाच, आणि या डोळ्यांनी शेवटचा. बाई सांगणार, मी टाइप करणार. दर शनिवार-रविवार. नाही म्हणायची सोयच नव्हती. खरं तर म्हणायचंही नव्हतं.

८ जानेवारी, रविवार

रूमवर स्नेहलने विचारलं, कसला लेख? सांगितलं: लुवियन भाषा, तीन हजार वर्षांपूर्वीची, आजच्या तुर्कस्तानातली. राजे लोक दगडावर चित्रलिपीत कोरायचे. त्यातलं एक अव्यय. 'बरोबर', 'सोबत' असा अर्थ. आपल्यासारखंच नामाच्या नंतर येतं. पण दगडावर ते पूर्ण कधी लिहीत नाहीत. एक चित्र काढतात आणि त्यापुढे शेवटचं 'नि' लिहितात. चित्राच्या जागी तोंडाने काय म्हणत, ते कुणालाच माहीत नाही. बाई चौतीस वर्षं तेच शोधतायत.

"यार, एवढ्याशा शब्दावर चौतीस वर्षं? सीरियसली?"

बाईंचं म्हणणं असं की एका दगडावर त्या चित्राच्या आधी बारीकसा 'अ' कोरलाय. म्हणजे शब्द 'अ'ने सुरू होतो. मग मातीच्या पाट्यांवरच्या एका जुन्या शब्दाशी त्याचं नातं लागतं, आणि अर्थही नुसता 'सोबत' राहत नाही, '-च्या बाजूने' असा होतो. सगळा लेख त्या एका 'अ'वर उभा आहे.

आज त्या दगडाची स्लिप काढायला सांगितली. बुटांच्या खोक्यात सगळ्या स्लिपा, दोऱ्याने बांधलेल्या. क्रमांक एकतीस. डाव्या कोपऱ्यात उतरवून घेणाऱ्याची सही: सु. दा. उजव्या कोपऱ्यात ताडून पाहणाऱ्याची: मं. रा.

मं. रा. म्हणजे मीच. पुढचं टायपिंग नीट झालं नाही.

११ जानेवारी, बुधवार

ऑफिसात साइन-ऑफ द्यायचा होता, म्हणजे सगळं तपासलं अशी सही. मंदार, आमचा लीड, दोनदा येऊन गेला. म्हटलं, परत एकदा सगळं चालवून बघते. "तू कालपण हेच म्हणालीस." आजही तेच म्हटलं. तिसऱ्यांदा सगळं चालवलं. काही सापडलं नाही. तरी सही संध्याकाळी सातला केली.

जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. बाईंनी तिळगूळ दिला. "गोड बोला म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. तुम्ही टाइप करा."

चौथ्या पानावर तळटीप सांगितली: या पाठाची प्रत्यक्ष छायाचित्राशी तपासणी कु. मंजूषा राऊत यांनी केली आहे. म्हटलं, बाई, माझं नाव कशाला? म्हणाल्या, "ज्याने पाहिलं त्याचं नाव द्यायचं. मी तर नुसतं उतरवलंय."

टाइप केलं. माझ्याच बोटांनी.

१६ जानेवारी, सोमवार

लिहून टाकते. इथे नाही लिहिलं तर कुठेच लिहिणार नाही.

सहा वर्षं झाली. एम. ए. संपत आलेलं. बाईंचा नियम असा: लिहिणार एक, ताडणार दुसरा. पुस्तकातल्या रेखाटनावरून बाई स्लिप लिहीत. मग ग्रंथालयात छायाचित्रांचा वेगळा खंड होता, तो समोर ठेवून आम्ही एकेक स्लिप ताडायची, उजवीकडे सही आणि तारीख टाकायची. सही झाली की ती स्लिप पुन्हा उघडायची नाही. बाई म्हणायच्या, नाहीतर माणूस जन्मभर पहिल्याच स्लिपवर बसेल.

चाळीस स्लिपा माझ्याकडे. त्याच आठवड्यात कंपनीची परीक्षा. यवतमाळला बाबा रिटायर झालेले, मला नोकरी हवीच होती. ग्रंथालयात गेले तर खंड बांधणीला गेलेला. कधी येईल? "आला की येईल." बाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, थांबा. मला थांबायचं नव्हतं. रेखाटनात आहे ते छायाचित्रात असणारच, अशी स्वतःची समजूत घातली. तिथल्याच बाकावर बसून चाळीस सह्या केल्या. पाव तासही लागला नसेल.

नोकरी लागली. मी लुवियन सोडलं. बाईंनी एका शब्दाने अडवलं नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ग्रंथालयात. काउंटरवर तेच काका, केस तेवढे पांढरे झालेले. खंडाचा क्रमांक दिला. चष्म्यावरून बघितलं. "बांधणीहून आल्यापासून कुणी मागितलेला नाही. पानं सावकाश उलटा, त्यांना सवय नाही."

एकेक फोटो, टायपिंगच्या निमित्ताने घरी आणलेली एकेक स्लिप. जे सहा वर्षांपूर्वी करायचं ते आज केलं. चार तास. एकोणचाळीस बरोबर. धाडस होत नव्हतं, म्हणून एकतीस शेवटी ठेवली होती.

एकतीस. दगडाचा टवका उडालाय. नेमका तिथेच. चित्र दिसतं, 'नि' दिसतो, आणि चित्राच्या आधी एक रेघ. कोरलेली असेल, तडाही असेल. रेखाटन करणाऱ्याने ठाम काळ्या शाईने 'अ' काढलाय. फोटोत तो ठाम नाही.

नाहीच, असंही म्हणवत नाही. तसं ठाम म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. काकांनी पाच वाजता पंखा बंद केला, म्हणजे उठा.

२२ जानेवारी, रविवार

काल आणि आज दोन्ही दिवस गेले. टायपिंग संपत आलं. बोलले नाही.

बाई आज बोलायच्या मूडमध्ये होत्या. विभागात सगळे त्यांना काय म्हणायचे ते सांगितलं. वेद सोडून कुणा परक्या राजाचे दगड कसले वाचता? एकाने तर निरोपसमारंभात भाषणात म्हटलं, दातारबाईंनी आयुष्यभर एका शब्दाची सोबत केली. सगळे हसले. "मीही हसले. विनोद बरा होता." मग, "लेख आला की त्यांना एक प्रत टपालाने पाठवायची. पत्ता आहे माझ्याकडे."

आता कशी सांगू.

आईचा फोन. "कावून वं, आवाज कावून असा येते तुया?" सांगितलं थोडंफार. दगड, स्लिप सगळं तिला कळलं नाही, पण मुद्दा बरोबर कळला. "मंग सांगून टाक ना वं बाईले. मारून थोडी टाकते? तिचं काम हाय, तिले मालूम असाले पायजे." आईला सगळं सोपं असतं. नाही, सोपं नसतं. ती फक्त फाटे फोडत नाही.

२९ जानेवारी, रविवार

लेख पूर्ण. बावीस पानं. बाई म्हणाल्या, पाठवून टाका आजच. मी म्हटलं, कॅफेत नेट बंद आहे. साफ खोटं. कॅफेवरूनच आले होते. एक खोटं लपवायला दुसरं, आणि तेही इतकं फालतू.

संध्याकाळभर कॅफेत मेल उघडून बसलेय. फाइल जोडते. काढते. पाठवून टाकलं तर कुणाला कळणार? त्या खंडाचं पान परत कोण उलटणार? हा विचार मनात आला, हे लिहून ठेवते. आला होता. दोनदा.

४ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

चहा ठेवायच्या आधीच. उभ्याउभ्या. बाई खिडकीशी बसलेल्या, मान जराशी वळवून, कडेने माझ्याकडे बघत.

"किती?"

"चाळीस."

"एकही पाहिली नव्हती?"

"नाही. आता सगळ्या पाहिल्या. एकोणचाळीस बरोबर आहेत."

"आणि एकतीस?" त्यांना क्रमांक मी सांगितलाच नव्हता.

टवक्याचं सांगितलं. रेघेचं सांगितलं. मला वाटलं रागावतील, निदान टोचून बोलतील. त्या खोक्यावर हात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात येऊ नका. दार ओढून घ्या, कडी नीट लागत नाही."

जिन्यात बसले थोडा वेळ. रडू आलं ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ठरवता येईना. शेजारच्या काकूंनी विचारलं, कुणाकडे आलात? उठून खाली उतरले.

८ फेब्रुवारी, बुधवार

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कसलं मोकळं. बसमध्ये बसवत नाही, उभी राहते. उभं राहवत नाही. मंदार म्हणतो, सुट्टी घे. सुट्टीत काय करू? फोन वाजला की बाई. नसतात.

१२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी फोन. "राऊत, रविवार मोकळा आहे का?" येऊ नका म्हणाल्या होत्या त्या आठवड्याचा हा शेवटचा दिवस. तेवढाही पुरा केला नाही.

गेले. टेबलावर स्लिप एकतीस, बाहेर काढून ठेवलेली. आपणच चाचपून शोधली म्हणाल्या, कोपरा दुमडलेला होता.

"वाचा. उजवीकडची तारीख वाचा."

वाचली.

"खंड बांधणीला कुणी पाठवला होता माहीत आहे? विभागप्रमुख सही करतो त्या फॉर्मवर. त्या वर्षी मी होते." थांबल्या. "तुमच्या स्लिपा आल्या तेव्हा, खंड बांधणीत असतानाची ही तारीख मला दिसली होती. तेव्हा डोळे चांगले होते माझे."

मी म्हटलं, मग विचारलं का नाहीत?

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. मला तो 'अ' हवा होता, राऊत." मग अगदी कोरड्या आवाजात, "तुम्ही घाईत होता. मला तर कसलीच घाई नव्हती."

मी पाणी आणायला उठले, तहान कुणालाच नव्हती. सहा वर्षं मला वाटत होतं की चूक एकटीची आहे. वाटून घेतल्यावर निम्मी व्हायला हवी. झाली नाही. उलट राग आला त्यांचा, पहिल्यांदाच. आणि राग आला म्हणून परत वाईट वाटलं. सांगितलंही त्यांना, मला राग आलाय. "येऊ द्या. टायपिंगच्या आड येऊ देऊ नका," म्हणाल्या.

संपादकाला पत्र सांगितलं, मी टाइप केलं: एका पाठाची तपासणी झाल्याची नोंद आहे, प्रत्यक्षात झालेली नव्हती. दगडाचा नवा फोटो मिळेल का? तिरक्या उजेडात काढलेला, दोन बाजूंनी. उशिराबद्दल दिलगीर. तळटीप काढून टाकू का, विचारलं. "राहू द्या. अजून तपासणी व्हायची आहे."

समोरच्या कॅफेतून लगेच पाठवलं. नेट चालू होतं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

काल मुदत संपली. उत्तर नाही. ऑफिसात दर दहा मिनिटांनी मेल बघते. मंदारने विचारलं, स्थळ वगैरे आहे का? हो म्हटलं. तीन हजार वर्षांचं आहे.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आलं. तीन ओळी. महिनाअखेरपर्यंत थांबतो, त्यापुढे लेखांचं पुस्तक छापायला जाईल. म्युझियमला लिहिलंय.

बाईंना फोनवर वाचून दाखवलं. "थांबतो म्हणाला? सभ्य दिसतो. भाषांतर बरोबर केलंत ना?" पत्र इंग्रजीतच होतं.

२५ फेब्रुवारी, शनिवार

फोटो आले. दोन. एकात उजेड डावीकडून, एकात उजवीकडून. कर्वे रोडवर मोठ्या कागदावर छापून घेतले. दुकानदाराने विचारलं, हे काय, भिंत पडलीय का कुणाची?

बाईंनी दोन्ही कागद हातात घेतले. भिंग लावलं, मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. बराच वेळ. मग माझ्याकडे सरकवले. "कडा दिसतात फक्त. आणि मला तिथे काय दिसेल ते मला आधीच माहीत आहे. तुम्ही बघा. मला आवडेल ते सांगू नका. न आवडेल तेही उगाच सांगू नका."

कोरी स्लिप काढली. त्यांनी स्वतःच्या हाताने डावीकडे सु. दा. लिहिलं, ओळ तिरकी गेली. उजवा कोपरा माझा.

डावीकडच्या उजेडात रेघेला काठ आहे. छिन्नीचा वाटावा असा. उजवीकडच्या उजेडात ती सरळ टवक्यात उतरते, तड्यासारखी. आधी हा बघितला, मग तो, मग परत हा. कागद उलटे धरून बघितले. दुपारभर. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा थांबले. बाईंनी एकदाही विचारलं नाही. स्वयंपाकघरात डबे आपटल्याचे आवाज तेवढे येत होते.

पाच वाजता बाहेर आल्या. "काय लिहिलंत?"

"अजून काही नाही."

"बरं." खुर्ची चाचपून समोर बसल्या. "महिना मंगळवारी संपतो. उद्या किती वाजता येता?"

म्हटलं, आठपर्यंत.

"सातला या. सकाळी या टेबलावर ऊन येतं."

स्लिप तिथेच ठेवून आले, पेपरवेटखाली. उजवा कोपरा कोरा आहे. पहिली बस सव्वापाचची.