सिनेटर हॉलिस यांचं आमच्या भागातलं मत

२ जानेवारी
संकल्प: रेडिओवर यंदा कुणाचीही भीड ठेवायची नाही. डुकरांचे भाव सांगून झाले की माझी दहा मिनिटं. आज राष्ट्राध्यक्षपदासाठी आमच्या पक्षाकडून उभं राहू बघणाऱ्या सगळ्यांची सालं काढली. गव्हर्नर प्रुइट नावापुरते उजवे. भाषणात म्हणतात, सरकारने लोकांच्या धंद्यात नाक खुपसू नये. आणि आमच्या आयोवात पाऊल टाकलं की मक्याच्या इंधनाला सरकारी अनुदान कबूल. दुसरे उमेदवार, ते टेक्सासचे उद्योगपती, कालपरवापर्यंत डाव्यांना देणग्या देत होते. उरले सिनेटर हॉलिस. अनुदान बंद म्हणजे बंद, बाकी पुढचं पुढे. मक्याच्या राज्यात येऊन असं बोलायला छाती लागते.
बाबा म्हणाले, "छाती कसली, डोकं फिरावं लागतं." आमची शेती मक्याचीच आहे. स्वार्थाने माणूस आंधळा होतो.

४ जानेवारी
गावातली टेस त्या प्रुइटच्या प्रचार कचेरीत काम करते. यात तिचा दोष नाही, तिला कुणी नीट समजावलेलं नाही. समजवायला गेलो. मुद्दे पाठ होते. तिने कॉफी दिली, म्हणाली, "गॅरिट, बोलता बोलता जरा घड्या घाल ना." खोकंभर पत्रकांना घड्या घालून दिल्या. पत्रकांवर प्रुइटचं हसरं तोंड. शत्रू आतून बघायला हवा, म्हणून. परत येताना अपराधी वाटलं. थंडीमुळे असेल.

८ जानेवारी
कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या, सभेत हॉलिसच्या बाजूने आमच्या भागातून बोलणार कोण, तर मी. दुसरं कुणी मिळालं नाही, ही अफवा खरी आहे पण महत्त्वाची नाही. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा हसले होते सगळे.
शिवाय पाठिंबा आहे! शेजारच्या मिसेस डिकस्ट्रा. म्हणाल्या, "आमच्या यांनी जन्मात सरकारकडून काही घेतलं नाही. तुझा तो सिनेटर तसाच दिसतो. पण बाळा, बर्फात गाडी चालवणं आता मला जमत नाही. नेशील?" मी म्हटलं, नेईन म्हणजे काय, नेणारच. इथे पोस्टाने मत देता येत नाही. सात वाजता शाळेच्या जिममध्ये स्वतः हजर राहावं लागतं, तेव्हाच मताची चिठ्ठी मिळते. उशिरा आलं तर दार बंद.

११ जानेवारी
आज कार्यक्रमात कुंपणावरच्यांना झोडपलं. शेजाऱ्याला वाईट वाटेल म्हणून मत बदलणारा माणूस देशाला बुडवतो, असं म्हणालो. टेसचा फोन आला. "अरे, किती ओरडतोस! पण आवाज छान आहे तुझा."
आवाज छान आहे.
अनुदानाच्या प्रश्नाला दोन बाजू असू शकतात. (हे रेडिओवर बोलायचं नाही.)

१५ जानेवारी, दुपार
आज कॉकस. योजना: सहाला मिसेस डिकस्ट्रा, मग शाळा, मग भाषण, मग विजय. पूर्ण नसला तरी नैतिक.

त्याच दिवशी, परत आल्यावर
नीट लिहितो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट होईल.
साडेपाचला टेसचा फोन. तिची गाडी थंडीने चालू होईना आणि वृद्धाश्रमातली मंडळी दारात ताटकळलेली. "गॅरिट, प्लीज. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?" माणुसकीला पक्ष नसतो. दोन खेपा केल्या. सगळे प्रुइटवाले, सगळ्यांच्या काठ्या. दुसऱ्या खेपेला टेस शेजारी बसली होती. शाळेत पोचलो आणि मागे दार बंद झालं.
भाषण उत्तम झालं. विषय: शब्द पाळणारा माणूस. बाबा पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. भारावले असावेत.
मग चिठ्ठ्या. टेस माझ्याकडे बघून हसली. मनात म्हटलं, मुलीच्या मनासाठी एक मत गेलं तर काय बिघडतं, हॉलिसना मिसेस डिकस्ट्रांचं आहेच. प्रुइट लिहिलं, घडी घातली, पॉपकॉर्नच्या बादलीत टाकली. चिठ्ठी हातातून सुटली तेव्हा आठवलं की मिसेस डिकस्ट्रा घरी आहेत.
मोजणी तिथेच होते, मोठ्याने. अध्यक्ष श्री. फर्मीर यांनी वाचलं: प्रुइट इतकी, टेक्सासवाले इतकी. "सिनेटर हॉलिस, शून्य." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. सगळ्या जिमने बघितलं.
मागून कुणीतरी म्हणालं, "भाषण इतकं पटलं की वक्त्याचंसुद्धा मन वळलं!" हशा. वृद्धाश्रमवाले सगळ्यांत जोरात.
वाटलं, निदान टेस तरी खूश होईल. ती बाहेर गाडीपाशी म्हणाली, "तू आमच्यासाठी मत दिलंस?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "अरे, मला तर तू तुझ्या मतावर ठाम असतोस तेच आवडायचं," आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून गेली.

१६ जानेवारी
मिसेस डिकस्ट्रांकडे जायचं ठरवलं. सकाळी बर्फ होता. दुपारी नव्हता, पण मी गेलो नाही. आई म्हणाली, "काल त्या कोट घालून खिडकीत बसल्या होत्या, मला रस्त्यावरून दिसल्या. मला वाटलं, तू येतोच आहेस." जेवण गेलं नाही.

१७ जानेवारी
श्री. फर्मीर यांचा फोन. मिसेस डिकस्ट्रांनी पक्षाकडे तक्रार केली आहे: "त्या मुलाचं एक मत तरी होतंच. ते कुणीतरी चोरलं." माझ्यावर रागावलेल्या नाहीत. कुणीतरी मला बर्फात अडवून ठेवलं असणार, असं त्यांचं ठाम मत. फर्मीर म्हणाले, "चिठ्ठ्या परत मोजायच्या, की खरं काय ते तू त्यांना सांगतोस?" मी म्हटलं, सांगतो.
लगेच गेलो. वाक्य तयार होतं, लहान, स्वच्छ, सबब नसलेलं.
बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. अंगात कोट, डोक्याला स्कार्फ, हातात माझ्यासाठी हॅमचा बन, कागदात गुंडाळलेला.
"परत मोजायला चाललोय ना आपण?" त्या म्हणाल्या. "बघ, आज कसा वेळेवर आलास."
मी गाडीचं दार उघडलं.