प्रसादासाठी उचललेला हात

रायपूर, पौर्णिमा, संध्याकाळ

शेजारच्या सत्यनारायणात ह्यांनी आज आपणहून उजवा हात उचलला. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा, दोन महिने व्यायाम करून. थरथरत होता, पण पुढे येऊन राहिला होता. मागं लोक खोळंबले, अन् मीच पटकन ह्यांचा शिरा घेऊन टाकला. काहून? माझी कोणती गाडी सुटून राहिली होती? व्यायाम शिकवणारी दीदी रोज ओरडते, "आंटी, उनको खुद करने दो!" तो अर्ध्यावरून खाली गेलेला हात डोळ्यापुढून हटत नाही.

घरी येऊन तोच शिरा ह्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "घ्या, लागू द्या किती वेळ लागतो तो."

जन्मात कधी डाव्या हातानं प्रसाद न घेतलेल्या माणसानं डावा हात पुढे केला.