उचलता येणार नाही

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे! सामान तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत आईने हमालाचं डोकं खाल्लं. आरामखुर्ची उलटी धरू नकोस, हे तिने त्याला पाच वेळा तरी बजावलं. खोल्या दोनच, पण उजेडाच्या. नळाला धो-धो पाणी. आईने घराला दोनच नावं ठेवली, म्हणजे घर पसंत आहे.

६ ऑक्टोबर
आजपासून काम. सकाळी समोरच्या छापखान्यात प्रुफं तपासायची, दुपारी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गेमचं लिखाण. पोटासाठी पहिलं, जीव दुसऱ्यात. दोन्ही मास्तरांच्या कृपेने.

मास्तर निवृत्त भूगोलशिक्षक. साठीनंतर प्रोग्रामिंग शिकले, तेही एका सिनेमापायी. तो सिनेमा लागला तेव्हा आठवड्यात उतरला होता, पण आज त्याचे वेडे गावोगाव आहेत. मी त्यातलीच, सोळा वेळा पाहिलाय. एका घरी पाहुणा येतो आणि रोज एक वस्तू उचलून नेतो. घरचे भिडेखातर गप्प बसतात. वस्तू संपल्यावर तो घरातल्या म्हाताऱ्या बाईसमोर येऊन उभा राहतो आणि तिथेच सिनेमा संपतो. मास्तरांनी त्यावर ब्राउझरमध्ये खेळायचा गेम बनवलाय. खेळणारा म्हणजे तो पाहुणा. वर खोलीचं चित्र, खाली आज्ञा लिहायची चौकट. ‘उचला दिवा’ असं लिहिलं की उत्तर उमटतं. ही उत्तरं लिहिणं माझं काम. आधीचा लेखक अर्ध्यात सोडून गेला म्हणे.

९ ऑक्टोबर
मजा येतेय. खेळणाऱ्याने चित्रात नसलेली वस्तू मागितली, की ‘इथे असं काही नाही’ हे ठरलेलं उत्तर जातं. हे वाक्य माझंच, पहिल्या दिवशी लिहिलेलं. अशा फसलेल्या आज्ञांची यादी रोज सकाळी माझ्याकडे येते. काल कुणीतरी लिहिलं होतं, ‘पाहुण्याच्या कानाखाली मारा’. मास्तर खो-खो हसले.

एका बिननावाच्या खेळाडूने मागितलं होतं: ‘उचला पितळी डबा, टोपण चेपलेला’. आमच्याकडे अगदी तसाच आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, डबे काय, सगळ्यांच्याच घरी चेपतात.

१० ऑक्टोबर
डबा सापडत नाहीये. आई म्हणते मी कुठेतरी ठेवला, मी म्हणते तिने. हमालावरही संशय घेऊन झाला.

१३ ऑक्टोबर
यादीत परत तोच बिननावाचा. ‘उचला भिंतीवरचं घड्याळ’. ‘उचला चष्मा, काडीला दोरा बांधलेला’.

दुपारी घरी धावले. भिंतीवर नुसता खिळा. आई चाचपडत होती, चष्मा उशाशी होता म्हणाली, आता नाही. दाराला आतून कडी होती. कुणी आलं नव्हतं.

तो मागतो. गेम माझं वाक्य म्हणतो, इथे असं काही नाही. आणि मग इथे ते नसतं.

१४ ऑक्टोबर
मास्तरांना धारेवर धरलं. आधी उडवाउडवी केली, मग खालमानेने बोलले. आधीच्या लेखकाचं ठरलेलं वाक्यही ‘नाही’चंच होतं, आणि त्याच्या घरचंही असंच गेलं होतं. शेवटी भिंती उरल्या, आणि एका सकाळी तोही दिसला नाही. मी विचारलं, मग मला का बोलावलंत? म्हणाले, “मला वाटलं, नव्या माणसाला नाही होणार.” इतकंच!

माझ्यासमोर त्यांनी गेम बंद केला, सर्व्हरची वायरसुद्धा उपटली. तरी यादी येतच राहिली, आता त्याने लिहिलं की लगेच, माझ्या लॅपटॉपवर. ‘उचला पलंगाशेजारचा तांब्या’. ‘उचला आरशाशेजारचा कंगवा’.

तो आईच्या पलंगाजवळ पोचलाय.

१५ ऑक्टोबर
एक युक्ती सुचली. लॅपटॉपवर वाक्यच बदललं. आता कशालाही हात घातला तरी एकच उत्तर जाईल: ‘उचलता येणार नाही.’

दुपारी त्याने उशी मागितली. घरी येऊन पाहिलं, उशी जागेवर. ओढली तर हलत नाही, पण आहे! किती दिवसांनी जेवण गोड लागलं. आई म्हणाली, तुझा चेहरा आज माणसात आलाय.

१६ ऑक्टोबर
सकाळी नऊला. ‘उचला आई’.

आई आरामखुर्चीत होती. उठवत नाही म्हणाली. मी हात दिला. शेजारच्या काकांना बोलावलं, त्यांच्या दोन्ही मुलांना बोलावलं. खुर्ची करकरली, आई तसूभर हलली नाही. ती हसत होती. म्हणाली, “अगं, आयुष्यभर कुणावर भार झाले नाही, आता एकदम झालेय बघ.”

डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, म्हणाले. त्यांनाही तिचा हात उचलून बघता आला नाही.

१७ ऑक्टोबर
मान उचलत नाही. चमच्याने पाणी पाजतेय. तो दर तासाला तेच लिहितोय. दर तासाला माझं वाक्य जातं, आणि आई आणखी जड —

वाक्य काढलं तर तो तिला नेणार.

मी स्वतः आज्ञा लिहून पाहिली. ‘आई, ऊठ’. काही नाही. त्याच्याच आज्ञेचं उत्तर लागू पडतं.

१८ ऑक्टोबर, सकाळ
पापण्या उचलत नाहीत. माझं बोट धरलंय, घट्ट.

श्वास घेताना छाती — थोडीच वर येते. मघापेक्षा थोडी.

मास्तर दाराबाहेर जिन्यावर बसलेत. आत यायची हिंमत नाही.

अकरा वाजता
काही घेतल्याशिवाय तो जायचा नाही. लिहिलं. फक्त ‘आई’ या शब्दासाठी वेगळं उत्तर: ‘म्हातारी उठून उभी राहते. पाहुणा तिच्या मुलीला घेऊन जातो.’

तीनदा वाचलं. प्रुफात चूक नको.

मास्तरांकडून वचन घेतलं, आईला ते सांभाळतील. रडत होते. रडू देत.

बाराला पाच कमी
लॅपटॉप मांडीवर. वही त्याच्यावर. आईचा हात —

आला. ‘उचला आई’.

उत्तर गेलं.

छाती वर आली तिची! पूर्ण! पापण्या — डोळे उघडले. मान उचलली. उभी राहिली, आई उभी राहिली, आपली आपण —

माझ्याकडे बघतेय. सरळ माझ्याकडे. आणि हाका मारतेय मला, दाराकडे जाऊन, मास्तरांना विचारतेय, पोरगी कुठे गेली —

आई, अगं, मी ही काय, मी इथे