मामाची अंगठी आणि तळ्यातला गॅस

रविवार, हॅमिल्टन

उद्या टौरंगाला मामाचा इंटरव्ह्यू, म्हणून टेन्शन घालवायला त्याला रोटोरुआला ज्वालामुखीतलं तळं दाखवून आणलं. तळ्यातून सारखा गॅस निघतो, सडक्या अंड्यांसारखा वास. मामा वाफेत हात धरून उभा. घरी येईपर्यंत त्याची मोत्याची अंगठी, म्हणजे तिची चांदी, काळीकुट्ट. मी कसला गप्प बसतोय.

"मामा, शनी लागला वाटतं."

"मग उद्या जायलाच नको."

माझी तंतरली. आई मला सोलून काढेल. लगेच खरं सांगितलं, की त्या गॅसने चांदी काळी पडतेच.

"सायन्समध्ये नापास झालास आणि मला गॅस शिकवतोस? उगाच धीर देऊ नकोस."

खोटं पटलं, खरं पटेना. काय करणार, पुन्हा थाप मारली. "अरे, तुझा शनी अंगठीने स्वतःवर घेतला. तू सुटलास."

मामा खूश. शर्टाला इस्त्री सुरू. अंगठी घासून देतो म्हटलं, तर हात लावू देईना. काळीच घालून जाणार, आणि कुणी विचारलं तर नीट समजावणार म्हणे.

आत्ताच विचारून गेला, शनीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात.