अठराने गुणायचं राहिलं

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.५०

उपाशीपोटी ११.६.

नवीन मीटर. नचिकेतदादा काल इंग्लंडला, लीड्सला परत गेला, जाताना माझ्यासाठी ठेवून गेला. सोबत स्ट्रिप्सचे आठ डबे. तिकडची मीटरं साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये दाखवतात, आपली मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. अठराने गुणलं की आपला आकडा येतो. ११.६ गुणिले १८ म्हणजे २०८.८. धरा २०९.

हे मला न येण्यासारखं नाही. सांवेर रोडच्या नमकीनच्या फॅक्टरीत मी क्वालिटीला आहे, दिवसभर शेवेतला ओलावा मोजते. शनिवारीच एक रिपोर्ट परत पाठवला. आकड्यापुढे टक्के लिहिलं नव्हतं.

फ्रिजवरच्या चार्टवर ११.६ लिहिलं. पुढे युनिट लिहायला जागा नव्हती. रकाने बाबांनी आखलेत, अरुंद आहेत.

दोन वर्षांपूर्वी मला टाइप वन डायबिटीस निघाला तेव्हापासून हा चार्ट आहे. रोज सकाळी मी आकडा लिहिते आणि घर फ्रिजसमोर जमतं. १९४ लाही बैठक झालेली आहे. रात्री काय खाल्लंस, किती खाल्लंस, कुणी दिलं. आज बाबा आले, चार्ट बघितला, चष्मा पुसला, परत बघितला आणि गेले.

चहा बसून प्यायले.

८ एप्रिल, मंगळवार

१०.९, म्हणजे १९६.

बाबांनी विचारलं, हे दहा-अकरा काय आहे? मी सांगितलं, दादाचं मीटर आहे, तिकडचं माप वेगळं. किती असायला पाहिजे, विचारलं. म्हटलं, सकाळी सातपर्यंत ठीक. बाबा म्हणाले, म्हणजे चारच जास्त ना, काही हरकत नाही.

त्यांची वजाबाकी बरोबर होती. मी काही खोटं बोलले नाही. ती सवयच नाही मला.

अठराचं उद्या जेवताना सांगणार.

१४ एप्रिल, सोमवार

पुण्याच्या फूड लॅबचं पत्र आलं. घेतलं मला. १ ऑगस्टला जॉइन.

बाबांनी अट घातली: जुलैपर्यंत चार्ट नीट दिसला पाहिजे आणि मग रक्ताचा तीन महिन्यांचा रिपोर्ट. दोन्ही बरे आले तर पुणे. गेल्या वर्षी बाथरूममध्ये माझी साखर उतरून मी पडले, दार तोडावं लागलं, तेव्हापासून त्यांनी आतली कडीच काढून टाकली आहे. सव्वीस वर्षांची मी, आंघोळ करताना गाणं म्हणते. आवडतं म्हणून नाही. गाणं थांबलं तर आई आत येते.

पुण्यात मला कडी असलेलं बाथरूम पाहिजे. बाकी कशाचीच अट नाही.

आज ठरवलेले नियम: १) रोज चार वेळा तपासणे. २) या डायरीत गुणाकार करूनच लिहिणे. ३) अठराचं घरात सांगणे. घाई नको, पण लवकर.

संध्याकाळी आई चार्टजवळ उभी होती. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आईनेच घरी शिकवलं. म्हणाली, या आकड्यांपुढे काही लिहायचं राहिलंय का गं? मी म्हटलं, रकाना अरुंद आहे. ती पोळ्या करायला गेली.

२० एप्रिल, रविवार

पोहे-जलेबी. बाबांची मोठी बहीण, कुमुदिनीआत्या, आमच्याकडेच राहते. तिची साखर बारा वर्षांपासून दोनशेच्या वर. आज म्हणाली, चल, तुझं विलायती मशीन माझ्या बोटाला लाव. ११.९ आले.

मीटर डोळ्यांजवळ नेऊन तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, इतकी वर्षं देसी मशीनने फसवलं की मला. मी म्हटलं, आत्या, ते माप वेगळं असतं. ती म्हणाली, हो ना, तेच तर, आपल्याकडे सगळंच वाढवून सांगतात. आणि जलेबी घेतली. ही यशाची आहे, म्हणे.

मग बाबांनीही बोट पुढे केलं, त्यांनाही साखरेच्या गोळ्या चालू आहेत. ९.८. त्यांचं जुनं मीटर त्यांनी कपाटात ठेवून दिलं.

अठराचं सांगायला रविवार बरा नाही. सगळ्यांचा मूड चांगला असतो.

३ मे, शनिवार

१२.८, म्हणजे दोनशे तीसच्या आसपास. पूर्ण गुणाकार रात्री करते.

सकाळी माझ्या खोलीबाहेर लाइन. आधी आत्या, मग बाबा, मग मी. आत्या सुईला घाबरायची, आता बोट धुऊन येते. तिच्या भजनमंडळातल्या दोघी विचारत होत्या, येऊ का म्हणून.

आत्याने आज सगळ्यांसमोर सांगितलं, पोरीने घराची साखर तीन आकड्यांवरून दोनवर आणली. बाबांकडे बघून म्हणाली, भिया, पोरगी असावी तर अशी. बाबा हसले. दोन वर्षांत मी या घरात पहिल्यांदा पेशंट नव्हते. कुणी मला बघून चेहरा पाडला नाही.

हे लगेच बिघडवण्यात काय अर्थ?

१९ मे, सोमवार

१४.२. चौदाच. बस होती, गुणलं नाही.

डॉक्टरांच्या कागदावर इन्सुलिनचा हिशोब आपल्या मापात आहे, दोनशेच्या वर गेलं तर दोन युनिट जास्त, वगैरे. आधी गुणायचं मग कागद बघायचा. सकाळी कुणाला वेळ असतो? नेहमीचेच घेतले. चौदा तसा दिसायला मोठा आकडा नाही.

ऑफिसात पाच सँपल परत पाठवले. लोक फार निष्काळजी असतात.

रात्री आमरस. बाबांनी दुसरी वाटी मागितली. आईने माझ्याकडे बघितलं. बाबा म्हणाले, अगं तिच्याकडे काय बघतेस, माझी बाराच आहे. वाटी मीच वाढली. लहान वाटी होती. मध्यम.

८ जून, रविवार

बाबांनी रात्रीची गोळी सोडल्याचं आज कळलं. मागच्या महिन्यापासून. गरज नाही म्हणे, बारा-तेराला कोण गोळी घेतं.

ताबडतोब पाऊल उचललं. दुपारभर बसून तक्ता तयार केला. डावीकडे ४ ते २०, उजवीकडे अठरापट. लाल, हिरवी, पिवळी शाई. खाली दोन्ही युनिट पूर्ण लिहिली, संक्षेप नाही. फ्रिजवर लावला. बाबा म्हणाले, वा, अक्षर आईवर गेलंय. आत्या म्हणाली, खाली जागा आहे ना, दूधवाल्याचा नवीन नंबर लिहून ठेव.

मी लिहिला.

पण आता कुणी म्हणू शकत नाही की मी सांगितलं नाही.

गोळीचं बाबांना म्हटलं की घेत जा. कशाला, म्हणाले. म्हटलं, असंच. ते म्हणाले, असंच म्हणून गोळ्या खायच्या का?

२२ जून, रविवार

बाबा सकाळी फिरायला जायला नवीन बूट घालतात, त्याने टाचेला फोड आला. हळद लावली.

मी १५.१. बाबा १३.४. आत्या १२. आता तिघांची नावं चार्टवर आहेत, बाबांनी नवीन आखला. रकाने मोठे केलेत. युनिटला जागा आहे. पण मधूनच लिहायला लागलं तर विचित्र दिसेल, मागचे सगळे आकडे उघडे दिसतील. पुढच्या चार्टपासून.

पुण्याला खोली बघितली, फोटो आले. कडी पितळेची आहे.

७ जुलै, सोमवार

तीन महिन्यांच्या रिपोर्टसाठी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. बाबांनी स्वतःचंही दिलं, दोन वर्षांत केलेलं नव्हतं.

मला भीती नाही. पंधरा दिवस नीट खाल्लं आहे. दहा दिवस. बुधवारपासून तर नक्कीच.

८ जुलै, मंगळवार. दुपारी

रिपोर्ट बाबांच्या मोबाइलवर आले.

माझा ९.१. बाबांचा ९.६.

हा आकडा टक्क्यांत असतो, मिलिमोल नाही, मिलिग्रॅम नाही. तिसरंच माप. मला सातच्या आत पाहिजे होता. नऊच्या वर म्हणजे तीन महिने खराब. दोघांचेही.

ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसले. तिथे कडी आहे.

संध्याकाळी

घरी आले तर पेढे. बिनसाखरेचे नाहीत, साधे.

बाबांनी मला बसवलं आणि समजावून सांगितलं. मीटरवर त्यांची तेरा यायची, रिपोर्टमध्ये साडेनऊ. माझी पंधरापर्यंत जायची, रिपोर्टमध्ये नऊ. म्हणजे खरी साखर मीटरपेक्षाही कमी आहे. लॅबची मशीन मोठी असते, ती चुकत नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, जा तू पुण्याला. उगाच अडवत होतो मी.

असं ते मला कधी बोलले नव्हते.

आत्या रडली. मलाही रडू आलं, सगळ्यांना वाटलं आनंदाचं. थोडं होतंही.

डॉक्टरांची शुक्रवारची अपॉइंटमेंट बाबांनी कॅन्सल केली. चांगल्या रिपोर्टला डॉक्टर कशाला?

१० जुलै, गुरुवार

तिकीट काढलं, ३० तारखेचं. आईने भाजणी दळून आणली, चकल्यांना.

सगळं नीट विचार करून ठरवलं. बाबांना सांगायचंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण पुण्याहून. फोनवर माणूस शांतपणे ऐकतो. इथे सांगितलं तर मला जाऊ देणार नाहीत, मग मी खचून जाईन, माझी साखर वाढेल, त्याने बाबांना टेन्शन, त्यांची वाढेल. म्हणजे न सांगणं हे त्यांच्याच तब्येतीसाठी आहे.

वीस दिवसांनी काही होत नाही.

बाबा जरा लंगडत चालतात.

१३ जुलै, रविवार

सकाळी धुवायच्या कपड्यांत बाबांचा मोजा. टाचेला पिवळा, कडक झालेला डाग. बाबांना खुर्चीवर बसवून पाय बघितला. तीन आठवड्यांपूर्वीचा फोड भरलेला नाही, आता रुपयाएवढा आहे आणि कडा काळ्या आहेत. दुखतं का, विचारलं. म्हणाले, तेच तर, काहीच दुखत नाही, मस्त आहे.

मग मी सांगितलं. उभी होते, बसून सांगायला पाहिजे होतं.

बाबांनी पेपरच्या कडेला १३.४ गुणिले १८ मांडलं. २४१.२ आलं. परत मांडलं. परत तेच आलं. आत्या म्हणाली, माझे बारा? मी म्हटलं, दोनशे सोळा. ती म्हणाली, ते तर माझे जुनेच झाले. आणि आत जाऊन पडली.

बाबांनी विचारलं, तुला माहीत होतं? मी म्हटलं, मीटरच्या मागे लिहिलेलं आहे. हे मी खरंच म्हटलं. बाबांनी मीटर उलटं केलं, वाचता आलं नाही, आईला दिलं. आईने मोठ्याने वाचलं, मिलिमोल प्रति लिटर. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, मला दिसत होतं. वाटायचं, आज लिहील, उद्या लिहील. बाबा आता तिच्याकडे बघायला लागले.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला काही बोलता तरी आलं असतं.

२१ जुलै, सोमवार

पाय वाचेल. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे उशीर केला असता तर शब्द देता आला नसता. रोज ड्रेसिंग आणि बाबांनाही इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ. मला विचारलं, तू एवढी शिकलेली, क्वालिटीत काम करतेस, डोस कसा ठरवत होतीस? मी म्हटलं, अंदाजाने. त्यांनी ते लिहून घेतलं.

नवीन मीटर आणलं. इथलं. पहिला आकडा २३६. सकाळी बैठक झाली, पाऊण तास.

तिकीट बाबांनी कॅन्सल नाही केलं. म्हणाले, तुझं तू ठरव. मी ठरवणार आहे.

बाबांना टोचायला शिकवते आहे. सुई हातात घेतात आणि परत ठेवतात. आईने प्रयत्न केला तर बाबा म्हणाले, तुझ्या हाताने दुखतं, तिच्या हाताने कळत पण नाही. चार दिवसांत शिकतील. आठवडा धरू.

२९ जुलै, मंगळवार

शिकले नाहीत. सुई समोर धरली की मान फिरवून माझं नाव घेतात.

पुण्याला मेल केला, एक महिना वाढवून द्या. घरगुती कारण. कारणात खोटं काही नाही.

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ७.३०

मी १८८, बाबा १७४. दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. बाबांचं इन्सुलिन दिलं, माझं घेतलं, ड्रेसिंग केलं. जखमेच्या कडा गुलाबी दिसतात.

पुण्याचं उत्तर आलं. जागा भरली. तुमच्या अडचणीबद्दल वाईट वाटलं, पुढची भरती पुढच्या वर्षी, तेव्हा जरूर अर्ज करा.

बाहेरून आई मला हाक मारत होती, बाथरूममध्ये एवढा वेळ काय करतेस म्हणून. मी गाणं म्हणायला विसरले होते.

एक वर्ष. महिन्यांत मोजलं तर बारा होतात, दिवसांत तीनशे पासष्ट.

मी एक धरलंय.