अनोळखी मुलगी, वय अंदाजे सात

नाशिक रोड,
५ नोव्हेंबर २०२५

चि. दिशास,

सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. घरी पाठवलं असतं तर ते आधी तुझ्या सासूबाईंनी फोडलं असतं. आणि फोनवर तू "हो मम्मी, बरं मम्मी, ठेवते मम्मी" यापलीकडे जात नाहीस. शाळेत मधल्या सुट्टीत तरी बाईंना दहा मिनिटं मिळत असतील.

इकडे ठीक. खालच्या मजल्यावरच्या रोहिणीला मुलगा झाला. द्वारका चौकातला रस्ता पुन्हा खणलाय, ड्यूटीवर पोचायला तासभर लागतो. माझी कंबर आहे तशीच आहे. तीस तारखेला रिटायर होते आहे, हे तुला आठवत असेल असं धरून चालते. अपघात विभागातल्या पोरी शाल आणि नारळ देणार आहेत. नारळ नको म्हणाले, मिक्सर द्या. हसल्या मेल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

दिंडोरीला आता द्राक्षांची फवारणी जोरात असेल. खिडक्या लावून घेत जा, तुला लहानपणापासून त्या वासाने त्रास होतो. लिहिलं खरं, पण तुझ्या लहानपणाबद्दल काय लिहायला परवानगी आहे आणि काय नाही, हे आता मला तुला विचारावं लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याकडे आले होते ते फराळासाठी नव्हते आले. पर्समध्ये फॉर्म होता. तुला माहीत होतं, म्हणून तर तू मला एकटीला एकदाही भेटली नाहीस. पाणी द्यायलासुद्धा नवऱ्याला, ज्ञानेशना पाठवलंस. आणि जेवताना तुझ्या सासूबाई, वत्सलाबाई काय म्हणाल्या ते तूही ऐकलंस.

"तुमची डूटीच तशी, तुम्ही तरी काय करनार. पोरीला आजीनंच वाढवलं म्हने. लय हाल झाले असतील लेकराचे आईवाचून."

मी तुझ्याकडे बघितलं. तू ताटातली भाजी इकडून तिकडे करत होतीस. मग म्हणालीस, "मम्मीला सुट्टीच नसायची."

वत्सलाबाईंचा मला राग नाही. त्या बाईला जे सांगितलं तेच ती बोलली. मी घास गिळला, भाजी छान झालीय म्हटलं आणि चारच्या बसने परत आले. बसमध्ये रडले. साठीला आलेली नर्स बसमध्ये रडते तेव्हा लोक जागा देतात, एवढाच फायदा.

आता कामाचं. ऑगस्टमध्ये फोनवर तू मला पुरतं बोलूच दिलं नाहीस, म्हणून नीट लिहिते. तू सात वर्षांची असताना मी चौदा महिने बिनपगारी रजा घेतली होती. यंदा आमच्याकडे आदेश आला की अपघात विभागात आणि अॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांनी मुलांच्या आजारपणासाठी घेतलेली अशी रजा पेन्शनला धरायची. ऐकून मी बावळटपणे पेढे वाटले. मग आस्थापना शाखेतल्या निवृत्ती भाऊसाहेबांनी माझं सेवापुस्तक उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"सिस्टर, इथं रजेचं कारण 'घरगुती अडचण' लिहिलंय. मुलीच्या आजाराचा एक शब्द नाही. मी काय धरू?"

अक्षर माझंच होतं. कारण सिद्ध झालं नाही तर ते चौदा महिने नोकरीतला खंड मानतात, आणि खंडाच्या आधीची नोकरी पेन्शनला मोजत नाहीत. म्हणजे माझी पहिली अकरा वर्षं गेली. रात्रपाळ्या केल्या, रक्ताने भरलेल्या साड्या धुतल्या, तुला दूध पाजायला रिक्षा करून घरी येऊन परत गेले, ती सगळी अकरा वर्षं. कागदावर मी तिथे नव्हतेच.

'घरगुती अडचण' कुणी लिहायला लावलं, ते तुला माहीत आहे. तुझी आजी नवसाबाई चुलीपाशी बसून म्हणाली होती, "पोरीच्या नावाला कागदावर फिट लावू नको, उद्या कोन करील तिला?" आजीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ती शिकलेली नव्हती आणि मी शिकलेली होते. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावून आणणाऱ्या नातेवाइकांवर मी रोज ओरडायचे, की हा आजार आहे, लाज कसली, लपवू नका. आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने 'घरगुती अडचण' लिहिलं. तुझी शेवटची फिट अकराव्या वर्षी, त्यानंतर एक नाही. तरी तुझं लग्न ठरल्यावर आपण दोघींनी मिळून डॉक्टरांच्या सगळ्या फायली बंबात घातल्या. फुंकर तू मारत होतीस. मला वाटलं होतं फक्त फायली जळतायत. त्या चौदा महिन्यांत तुझ्याजवळ कोण होतं, तेही त्यात गेलं, हे तुझ्या घरी जेवताना समजलं.

भाऊसाहेब माणूस चांगला आहे. म्हणाले, त्या वेळचा एखादा तरी केसपेपर आणा, आणि मुलगी आता सज्ञान आहे, तिने लिहून द्यावं की आजारी मी होते आणि आई माझ्यासाठी घरी होती. एवढ्यावर करून देतो. ज्ञानेशचा आतेभाऊ आयुष आमच्याच ऑफिसात संगणकावर बसतो, कागद त्याच्या हाताखालून जाईल आणि सासरी कळेल, ही तुझी भीती खरी आहे. मी नाही म्हणत नाही.

एक केसपेपर आहे. तो बंबात गेला नव्हता. तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. एकवीस वर्षं माझ्या लोखंडी कपाटात, नर्सिंगच्या सर्टिफिकेटखाली आहे. रुग्णालयाच्या दप्तरातून मी तो चोरला.

आता सांगायलाच हवं.

त्या दिवशी सकाळी द्वारकेला ट्रकने रिक्षा उडवली होती. चार जण आणले होते, त्यातल्या एकाचा पाय लोंबत होता. मी त्याच्या मांडीला पट्टा आवळत होते. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर लहानू एका पोरीला खांद्यावर टाकून आत आला. नवीनच लागला होता, आपल्या घरचं कुणी त्याला ठाऊक नव्हतं.

"सिस्टर, रस्त्यात पडली व्हती. फिट आली म्हनत्यात. आता थांबली हाय."

मी मान वर केली नाही. "थांबली ना? मग बाकावर कुशीवर झोपव. नाव काय?"

"नाय माहीत. सोबत कोनी नाय."

डाव्या हाताने केसपेपर ओढला आणि लिहिलं. 'अनोळखी मुलगी, वय अंदाजे सात. फिट थांबलेली.' वेळ टाकली, सही केली आणि पुन्हा त्या पायाकडे वळले. आमची पद्धतच ती. रक्त वाहतंय तो आधी, फिट थांबलेला थांबेल. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. श्वास चालू आहे एवढं लांबून पाहिलं. निळा फ्रॉक, पांढरे मोजे. तुझ्या शाळेतल्या तीनशे पोरींचा तोच गणवेश.

वीस-पंचवीस मिनिटांनी बाकावरून आवाज आला, "सिस्टर, पाणी."

तो आवाज तुझा होता. मी वळले. तू माझ्याकडेच बघत होतीस आणि पुन्हा म्हणालीस, "सिस्टर, पाणी." फिट येऊन गेल्यावर माणसाला काही वेळ काही ओळखू येत नाही, हे मी शंभर जणांना समजावलंय. त्या वेळी मला ते आठवलं नाही. तुझ्या हनुवटीवरचं रक्त सुकलं होतं. जीभ चावली होतीस. ते कुणीतरी पुसायला हवं होतं, आणि मी चार पावलांवर होते.

मेट्रन म्हणाल्या, तू बरोबरच वागलीस मीना, तो माणूस वाचला. नियमाने बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला. रजेचं कारण तुझा आजार, हे अर्धं खरं आहे. आजार गोळ्यांनी आवरला असता, आजी गोळ्या देऊ शकली असती. मला तुझ्याकडे बघत बसायचं होतं. चौदा महिने बघत बसले. तुला आठवत नसेल, तू चिडायचीस, म्हणायचीस, सारखी काय बघतेस गं.

हे तुझ्या सासूबाईंना नाही सांगितलंस तरी चालेल. त्यांना सांग, न सांग, तो तुझा संसार. पण "मम्मीला सुट्टीच नसायची" हे तू म्हणू नये, एवढं मला वाटतं. मी तुला पंचवीस मिनिटं ओळखलं नाही, त्याची शिक्षा म्हणून हे करत असशील तर ठीक होतं. पण तुला तर ते ठाऊकच नव्हतं. तू ते उगाचच म्हणालीस, ताटाकडे बघत.

मूळ केसपेपर सोबत जोडला आहे. झेरॉक्स काढलेली नाही, मुद्दामच. फाडायचा असेल तर फाड, मग विषयच मिटेल. त्यावर तुझं नाव कुठेच नाही, मी लिहिलंच नव्हतं. ती अनोळखी मुलगी तू होतीस, हे या जगात आता फक्त तू लिहून देऊ शकतेस. भाऊसाहेब शुक्रवारी चौदा तारखेला फाइल बंद करणार आहेत. तोवर काही आलं नाही, तर मी 'खंड मान्य' असं लिहून देऊन सही करेन. तुझ्याकडे पुन्हा हा विषय काढणार नाही आणि दिंडोरीलाही येणार नाही. फराळ आवडला नव्हता असं समज.

फॉर्मही ठेवला आहे. तुझं नाव, वय, शाळेचा पत्ता, सगळं मी भरलंय. 'अर्जदाराशी नाते' एवढी एकच ओळ मोकळी आहे. ती माझ्या अक्षरात चालत नाही, तुलाच भरावी लागेल. तू ती भरेपर्यंत या पत्राखाली काय म्हणून सही करायची ते मला सुचेना, म्हणून नोकरीत करते तीच करते.

मीना गांगुर्डे
स्टाफ नर्स, अपघात विभाग