हो म्हणून बसलेय

माले, ता. मुळशी
१६ नोव्हेंबर २०२५

ती. वन्सं यांना कल्पनाचा नमस्कार.

तुम्ही, दाजी आणि नातवंडं खुशाल असाल. इकडे भात कापून, झोडून झालं. इंद्रायणी यंदा अशी भरली की लोंब्या बांधावर टेकल्या होत्या. तुमच्या आईचे, म्हणजे आमच्या आत्याबाईंचे गुडघे थंडीने दुखतात, पण आवाज अजून वेशीपर्यंत जातो. तुमची भाची जुईली शनिवारी पुण्याहून येते, सोमवारी पहाटे नोकरीवर जाते.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा सोडून ही पत्र का लिहीत बसलीय. वन्सं, फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि मी "बरं बरं" म्हणून ठेवून देते. या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचंय.

एक सल्ला हवा होता. आपली समोरची खोली रिकामी झालीय.

तिथे वाल्मीक कदम राहायचे. परभणीकडचे, हिंजवडीतल्या एका कंपनीची बस चालवतात. बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आपल्या भाताने त्यांचं पोट भरत नाही, म्हणून स्वतः ज्वारीची भाकरी थापतात. माझ्यापेक्षा गोल थापतात! आत्याबाईंनी एकदा ती खाऊन पाहिली आणि मला म्हणाल्या, "शीक जरा."

तर दसऱ्यानंतर त्यांनी अचानक खोली सोडली, पौडला राहायला गेले. मला वाटलं, आपलं काही चुकलं. पुढच्या रविवारी दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, घामाने पाठ भिजलेली. बसायला सांगितलं तर बसेनात.

म्हणाले, "खोली सोडली, म्हणून विचारू शकतो. भाडेकरू असताना विचारलं असतं तर नाही म्हणायला तुम्हाला जड गेलं असतं. आता नको वाटलं तर मी आलो तसा जाईन. माझ्याशी लग्न कराल का?"

आता पत्र खाली ठेवू नका, वन्सं. माझ्या हातातलं सूप खाली पडलं होतं. सगळे तांदूळ ओटीवर. मी ते भरायला बसले, तर तेही समोर बसून भरायला लागले. सूप अर्धं भरलं. शेवटी मीच म्हटलं, "मला लोकांना विचारावं लागंल."

"विचारा की," ते म्हणाले.

मग मी विचारत सुटले. आमचा किशोरदादा ओरडलाच. "त्याचा डोळा जमिनीवर हाय. मुळशीत गुंठ्याला काय भाव झालाय, कळतंय का तुला? भाऊ म्हनून सांगतोय, न्हाई म्हन." दादाचा राग आला, पण त्याची भीती खोटी नव्हती. मी वाल्मीकना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "आधी सगळं जुईलीच्या नावावर करा, मग तारीख काढा." तसंच करतेय. दादाचं तेवढं ऐकलं.

जुईली म्हणाली, "आई, त्यांच्या माणसांना भेटून ये. आणि वर्षभर थांब." गंगाखेडला जाऊन त्यांच्या बहिणीला भेटून आले, चांगली बाई आहे. पण वर्षभर नाही थांबणार. तुमचे भाऊ शंभूराव गेल्यापासून मी थांबलेलीच आहे, कशासाठी ते मात्र मला कुणी सांगितलं नाही.

आत्याबाईंना सांगायला सगळ्यात उशीर केला. दुसऱ्या दिवशी वाल निवडताना एकदम म्हणाल्या, "त्यो हितं येनार का तू जानार?"

"तुमाला सोडून मी कुटं जाऊ? त्येच येतील हितं."

"माझं नगं सांगू. तुला काय पायजे?"

वन्सं, मी उठले. गोठ्यात गेले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाले, "मला त्यो मानूस पायजे!" म्हैस दचकली. मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. आतून आत्याबाई ओरडल्या, "ऐकलं गं!"

तुम्हाला सल्ला विचारायला बसले होते, पण खरं लिहिते. मी हो म्हणून बसलेय. तीस तारखेला रविवारी, आपल्या गावच्या देवळात, पंचवीस माणसांत.

मग पत्र का? शंभूराव गेले तेव्हापासून तुम्ही भाऊबीजेला माल्याला आला नाहीत. भाऊच नाही तर कशाला, असं तुम्हाला वाटत असेल. आता त्या घरात दुसरा माणूस येतोय म्हटल्यावर तुम्ही माहेर कायमचं सोडाल, याची भीती वाटते. बाकी कशाचीच वाटत नाही. तुम्हाला पटत नसेल तर तसं सांगा, पण इथे, माझ्यासमोर बसून सांगा. मी लग्न तरीही करीन. फक्त तुमच्याशिवाय करायचं नाहीये.

तुमची भावजय, तीस तारखेच्या आधीही आणि नंतरही,
कल्पना

*

जुन्नर
२२ नोव्हेंबर

कल्पना,

पत्र पोचलं. सल्ला इचारतीस आन तारीख कळवतीस! मला राग आला. अजून हाय. तुमच्या दाजींनी चहा करून दिला, त्यो बी गार केला.

शंभू माज्या कडेवर वाडलेला. त्याच्या घरात दुसरं कुनी पाहायचं म्हनजे काळजाला लागतं. त्ये लागनार. तू त्याला काय करशील?

मंग तुजं पत्र परत वाचलं. म्हशीपाशी आले आन मला हसू फुटलं. तुजं हसनं मी कितीक वर्सांत ऐकलं न्हाई, हे तवा ध्यानात आलं. आईनं इचारलं त्ये मी कदी इचारलं न्हाई तुला. मी आपली फोनवर बोलतच ऱ्हायले.

गुरवारी येते. चार दिस ऱ्हाते. त्या मानसाला ओवाळीन का न्हाई, त्ये आज सांगत न्हाई. मला थोडा येळ दे.

पर कल्पना, हिरवा चुडा दुसऱ्या कुनाकडून भरू नगंस. शंभू गेला तवा तुज्या हातातल्या बांगड्या मीच काढल्या व्हत्या. आता भरीन बी मीच.

तुजी नणंद,
रंभा